मन निवांत करणारे व्हिडिओ गेम्स: तुमचा कोणता?

सायली_क

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्याकडे अजूनही दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात: गोळीबार, नाहीतर जेवणाच्या ताटावरही मोबाइल न सोडणारी पोरं. पण तिसराही एक प्रकार आहे आणि त्याबद्दल मराठीत फारसं बोललं जात नाही. त्यात कुणाला मारायचं नाही, कुणाच्या पुढे पळायचं नाही. शेत करा, घर लावा, डोंगर चढा, गावातल्या लोकांशी गप्पा मारा आणि बंद करून झोपा.

मी बँकेत आहे. मार्चअखेर म्हणजे काय ते इथल्या बऱ्याच जणांना सांगायला नको. त्या दिवसांत मला ‘स्टारड्यू व्हॅली’ने खरोखर सांभाळलं. मोठ्या कंपनीच्या टेबलाला विटलेला माणूस आजोबांनी मागे ठेवलेल्या पडीक शेतावर राहायला येतो, एवढीच गोष्ट. सुरुवातीला पार्सनिपच्या (गाजरासारखं एक मूळ) १५ बिया मिळतात. झारीने पाणी घातलं की मातीचा तेवढाच चौकोन गडद होतो, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. हे करताना डोक्यातली व्हाउचरं आपोआप मागे पडतात. २०१६ साली आलेला हा गेम एरिक बॅरोन या एकाच माणसाने केलाय. चित्रं, संगीत, प्रोग्रामिंग, संवाद, सगळं त्याचं. साडेचार वर्षं खपत होता.

तर प्रश्न असा, की तुम्हाला असं निर्मळ सुख देणारे गेम कोणते? मोबाइल, लॅपटॉप, काहीही चालेल. जुने असले तरी सांगा. फक्त दर दोन मिनिटांनी जाहिरात दाखवणारे नकोत.

घाटवळण

युरो ट्रक सिम्युलेटर २. डोळे मिटून.

पोहे_शेव

घाटवळण, डोळे मिटून ट्रक चालवू नका हो! :)

घाटवळण

बरं, डोळे उघडे ठेवून सविस्तर लिहितो.

माझे वडील सांगली-बंगळूर लाइनवर ट्रक चालवायचे. हळद घेऊन जायचे. आता गुडघ्यांमुळे गाडी बंद आहे. मी हा गेम घेतला तेव्हा ते सहज मागे येऊन उभे राहिले आणि पाच मिनिटांत खुर्ची ओढून बसले. प्राग शहरातल्या एका कंपनीने २०१२ साली काढलेला हा गेम आहे. युरोपचा नकाशा लहान करून घातलाय, पण मैलोन्मैल रस्ता, टोल, पेट्रोल पंप, पावसात वायपर, सगळं आहे. माल उचलायचा, पोचवायचा, वाटेत सिग्नल तोडला तर दंड भरायचा.

खरी मजा शेवटी. माल पोचला की गेम विचारतो, ट्रेलर स्वतः लावणार का? सोपी जागा, अवघड जागा किंवा सोडून द्या, असे पर्याय येतात. वडील कायम अवघड जागा घ्यायला लावतात. ट्रेलर रिव्हर्स घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. मला ते जमेना, तेव्हा त्यांनी टेबलावर काडेपेटी आणि तिला चिकटवलेलं खोडरबर घेऊन शिकवलं. आता संध्याकाळी आमची एक खेप ठरलेली असते. मी चालवतो, ते आरसा बघतात. इंटरनेट रेडिओ लावायची सोयही गेममध्येच आहे, त्यामुळे जुनी गाणी चालू असतात. आई म्हणते, निवृत्तीनंतर पुन्हा लाइनवर गेलेत.

मृ_पुणे

घाटवळण, काडेपेटीचा किस्सा फार आवडला.

सायली, स्टारड्यू मला निवांत वाटत नाही हो. दिवस सकाळी ६ ला सुरू, रात्री २ वाजता माणूस जागेवर कोसळतो. घड्याळातली १० मिनिटं म्हणजे आपले ७ सेकंद, म्हणजे अख्खा दिवस जेमतेम १४ मिनिटांचा. त्यात पाणी घाला, गुरांना कुरवाळा, दुकान बंद व्हायच्या आत पोचा, कुणाचा वाढदिवस असला तर भेट द्या. मी नोकरी करून घर सांभाळते, मला खेळातही तेच नको. आणि ते मासे पकडणं! हिरवी पट्टी वरखाली करताना अंगठा दुखून येतो.

सायली_क

मृ, माशांसाठी विलीच्या दुकानात ट्रेनिंगची गळ मिळते, स्वस्त आहे. पट्टी बरीच मोठी होते, फक्त साधे मासे लागतात. आणि एकटे खेळत असलात तर मेनू उघडला की घड्याळ थांबतं. चहा ओतून या खुशाल.

घाईबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. त्या गेममध्ये उशीर झाल्याने काही कायमचं बिघडत नाही. पाणी घालायला विसरलात तर पीक जळत नाही, त्या दिवशी वाढत नाही एवढंच. ऋतू बदलला तरच जातं. सण हुकला तर पुढल्या वर्षी परत येतो.

रेवती_लंडन

हा पाणी न घातल्याचा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा आहे. ‘फार्मव्हिल’ आठवतंय का कुणाला? २००९ मध्ये फेसबुकवर आलं आणि आमच्या ओळखीतली निम्मी मराठी मंडळी शेतकरी झाली. तिथे वेळेवर कापणी केली नाही तर पीक वाळून जायचं. स्ट्रॉबेरी चार तासांची, म्हणून लोक मीटिंगमधून उठून कापणीला जायचे. दोन्हीकडे शेतच, पण एक शेत तुमची वाट बघतं आणि दुसरं तुम्हाला धाक घालतं. फार्मव्हिल २०२० च्या ३१ डिसेंबरला बंद झालं, मला जराही वाईट वाटलं नाही.

माझं उत्तर: ‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’, आपल्या बेटावर घर करून राहायचा गेम. २० मार्च २०२० ला आलं. इथे लंडनमध्ये त्याच आठवड्यात सगळं बंद झालं आणि ठाण्याला जायचं माझं तिकीट रद्द झालं. बहिणीकडे बाहेरून मागवलेला स्विच, म्हणजे निन्टेंडोचं गेम खेळायचं यंत्र, होता. तिच्या बेटावर मी जायचे, माझ्या बेटावर ती यायची. झाडाखाली माझ्यासाठी पेअर ठेवून जायची, कारण माझ्याकडे ते फळ नव्हतं. गेममधलं घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालतं, त्यामुळे माझ्याकडे दुपार असली की तिच्याकडे काजवे चमकायचे. आम्ही तिथे काहीच करायचो नाही. बाकावर बसायचो आणि फोनवर बोलायचो.

या मालिकेची कल्पना कात्सुया एगुची यांची. ते नोकरीसाठी चिबाहून क्योटोला गेले आणि घरच्यांशिवाय करमेना, त्यातून हा गेम सुचला. पहिला गेम जपानमध्ये २००१ साली आला. हे वाचलं तेव्हा बहिणीला लगेच पाठवलं.

आबा_५७

इथल्या तरुण मंडळींना हसू येईल, पण माझं उत्तर सॉलिटेअर आणि फ्रीसेल.

आमच्या ऑफिसात संगणक आले तेव्हा माउस धरताना लोकांचे हात थरथरायचे. साहेबांनीच सांगितलं, आधी पत्ते खेळा. पुढे कळलं की त्यात तथ्य होतं. विंडोज ३.० बरोबर १९९० मध्ये सॉलिटेअर आलं, ते वेस चेरी नावाच्या उमेदवारी करणाऱ्या मुलाने लिहिलं होतं, पत्त्यांची चित्रं सुसान केअर यांची. पत्ता उचलून दुसरीकडे ठेवता ठेवता लोक माउस ओढायला शिकले. डाव सुटल्यावर पत्ते उड्या मारत खाली यायचे, तो आनंद मी आजही घेतो.

फ्रीसेलची गोष्ट त्याहून सुंदर. विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये ३२,००० डाव होते, प्रत्येकाला क्रमांक. त्यातला एकच सुटत नाही, ११९८२. म्हणजे बाकी कुठल्याही डावात अडकलात तरी वाट आहे, फक्त ती सापडायची आहे. पत्नी गेल्यानंतर झोप लागायची नाही तेव्हा मी रात्री क्रमाने डाव सोडवत बसायचो. वाट आहे हे माहीत असणं मला त्या काळात पुरेसं होतं.

पोहे_शेव

आबा, हसू अजिबात आलं नाही. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

केदार_मालवण

आबांमुळे जुने दिवस आठवले. नव्वदच्या दशकातलं, टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचं ते पिवळं कार्ट्रिज! चालेना की काढायचं, फुंकर मारायची, परत घालायचं. मारिओ, काँट्रा, रोड फायटर, सर्कस चार्ली. आणि जत्रेत मिळणारा ‘ब्रिक गेम’, वर ‘९९९९ इन १’ छापलेलं, खेळ मोजून आठ-दहा निघायचे, पण टेट्रिस (वरून पडणारे ठोकळे रचायचा खेळ) चोख असायचं.

टेट्रिस हा माझ्यासाठी आजही औषध आहे. अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत केला. ऑक्सफर्डच्या एमिली होम्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग छापला होता: मन हादरवणारी दृश्यं पाहिल्यानंतर काही वेळात ज्यांनी टेट्रिस खेळलं त्यांना ती दृश्यं नंतर कमी वेळा डोळ्यांपुढे आली. डोळ्यांपुढची जागा ठोकळ्यांनी अडवली की नको ते चित्र तिथे नीट रुजत नाही, अशी त्यामागची कल्पना.

मृ_पुणे

केदार, टेट्रिस वेग वाढायला लागला की छातीत धडधडतं. ते निवांत कसं?

केदार_मालवण

वाढतोच, पण तेवढ्या वेळात दुसरं काही सुचत नाही. कुणाला पलंगावर लोळून बरं वाटतं, कुणाला समुद्रात हात मारून. मी दुसऱ्यातला.

टेकडीवाला

सगळं वाचलं. थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. पडद्यावरच्या रोपाला पाणी घालण्यापेक्षा गॅलरीतल्या तुळशीला घाला. डोंगर चढायचा तर रविवारी सिंहगडावर चला, पिठलं-भाकरी माझ्याकडून. दिवसभर पडद्यासमोर बसून आलेला शीण पुन्हा पडद्यासमोर बसून जाईल हे मला पटत नाही.

स्वानंदी

टेकडीवाला, सिंहगड मलाही प्रिय आहे. पण गेलं वर्षभर सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. रात्री त्यांना दर थोड्या वेळाने कूस बदलून द्यावी लागते. खोलीतून हलता येत नाही, दिवा लावता येत नाही, पुस्तक वाचायला घेतलं तर तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जाते. अशा वेळी फोनचा उजेड अगदी मंद करून मी ‘टाउनस्केपर’ खेळते.

त्याला खेळ तरी म्हणावं का, असं आहे. समोर निवांत समुद्र. बोट लावलं की पाण्यातून ‘टुपुक’ करून एक घर उगवतं. वर लावलं तर मजला चढतो, शेजारी लावलं तर भिंती जोडल्या जातात, मधे पोकळी सोडून चारी बाजूंनी घरं बांधली की आत आपोआप बाग तयार होते. रंग आपला आपण निवडायचा. गुण नाहीत, वेळ नाही, जिंकणं नाही. ऑस्कर स्टॉलबर्ग या स्वीडिश माणसाने केलाय. संगणकावर तर ब्राउझरमध्ये फुकट चालतो. मी एकदा चौकाचा वाडा बांधला, अगदी आमच्या वाईच्या घरासारखा, आणि सकाळी सासूबाईंना दाखवला. त्यांनी बोट दाखवून विचारलं, “विहीर कुठंय?” विहीर बांधता येत नाही त्यात, म्हणून मधली बाग दाखवली. त्या म्हणाल्या, “चालंल.”

टेकडीवाला

स्वानंदीताई, खऱ्या तुळशीचा आग्रह मी धरणारच. पण रात्रीच्या त्या खोलीत काय शक्य असतं ते तुम्ही सांगितलंत, आणि त्यावर माझ्याकडे काही उत्तर नाही. सासूबाईंना नमस्कार सांगा. तो ब्राउझरवाला आईसाठी उघडून बघतो.

रेवती_लंडन

स्वानंदी, तुम्हाला ‘अनपॅकिंग’ आवडेल. २०२१ चा, ऑस्ट्रेलियातल्या एका छोट्या गटाने केलेला. एक मुलगी घरं बदलत जाते, १९९७ मधल्या लहानपणच्या खोलीपासून. आपण फक्त खोकी उघडून सामान लावायचं. माणूस एकही दिसत नाही, संवाद नाहीत. कप लाकडावर ठेवला तर वेगळा आवाज, फरशीवर वेगळा.

एका घरात ती मित्राकडे राहायला जाते. त्याचं सामान आधीच सगळीकडे पसरलेलं. तिची पदवी फ्रेम केलेली आहे आणि ती लावायला एकही भिंत मोकळी नाही. शेवटी पलंगाखाली ठेवावी लागते, तरच गेम पुढे सरकतो. मी तिथे बराच वेळ थांबले होते. लग्नानंतर दुसऱ्याच्या घरात आपल्या वस्तूंना जागा शोधलेल्या प्रत्येक बाईला ते कळेल. पुढच्या घरांत त्या पदवीचं काय होतं ते सांगत नाही, खेळा.

सायली_क

रेवती, अनपॅकिंग आजच घेते. आणि ॲनिमल क्रॉसिंगबद्दल बँकवाली म्हणून एक प्रश्न: त्यातला घर बांधून देणारा टॉम नूक गृहकर्जावर व्याज खरंच घेत नाही?

रेवती_लंडन

शून्य टक्के, मुदत नाही, हप्ता नाही. जमेल तेव्हा फेडा.

सायली_क

आमच्या शाखेत रांग लागेल!

अवनी_१२

मी बारावीला आहे, ‘स्पिरिटफेअरर’बद्दल लिहू का? २०२० चा आहे. मेलेल्या माणसांना होडीतून पैलतीराला पोचवायचं काम स्टेला नावाच्या मुलीला मिळतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण सबंध गेम उबदार आहे. होडीवर प्रत्येकासाठी खोली बांधायची, आवडीचं जेवण करायचं, मिठी मारायची. मिठीसाठी वेगळं बटणच आहे.

त्यात अतुल नावाचा बेडूक आहे, काकासारखा. खाण्यावर जीव, सतत हसतो, दुरुस्तीला हात लावतो. बाकीचे पाहुणे निरोप घेऊन जातात, त्यांना आपण दारापर्यंत सोडतो. अतुल एका सकाळी नसतोच. शोधलं तर फक्त त्याचं फूल सापडतं. माझे काका कोविडमध्ये असेच गेले, हॉस्पिटलमध्ये नेलं ते परत दिसलेच नाहीत. हा गेम खेळून मी खूप रडले आणि नंतर पहिल्यांदा आईशी काकांबद्दल नीट बोलले. म्हणून मला हा गेम सुखाचा वाटतो. आईला पटत नाही की रडवणारा गेम सुखाचा असू शकतो.

आबा_५७

अवनी बाळ, असू शकतो. आईला माझं नाव सांग.

मृ_पुणे

अवनी, छान लिहिलंस. परीक्षेला शुभेच्छा.

धाग्याला धरून एक विचारते: आठ वर्षांच्या मुलीसाठी काय? मोबाइलवरचे फुकटचे गेम तिला देववत नाहीत. पाच जीव संपले की अर्धा तास थांब, नाहीतर पैसे भर. मुलं थांबत नाहीत, रडतात.

केदार_मालवण

माइनक्राफ्ट (ठोकळ्यांनी हवं ते बांधायचा गेम), ‘पीसफुल’ या सोप्या पातळीवर ठेवून. राक्षस येत नाहीत, भूक लागत नाही. माझा भाचा त्यात सिंधुदुर्ग किल्ला बांधतोय, तटबंदी पुरी झाली, आता गोड्या पाण्याच्या विहिरींवर अडलाय. पियानोचं संगीत इतकं हळू आहे की घरात चालू असलं तरी कुणाला त्रास नाही. एकदाच विकत घ्यायचा आणि अनोळखी लोकांचे सर्व्हर बंद ठेवायचे, एवढं बघा.

पोहे_शेव

माझ्या आवडीच्या ‘वेंबा’चं नाव कुणीच घेतलं नाही अजून! २०२३, टोरांटोतल्या गटाचा. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ जोडपं, आईच्या हातची पाककृतींची वही, पानं फाटलेली, शाई पसरलेली. राहिलेली कृती आपण अंदाजाने पुरी करायची. इडलीपासून सुरुवात. दीड-दोन तासांत संपतो आणि संपल्यावर घरी फोन करावासा वाटतो.

तो खेळल्यापासून डोक्यात आहे, आपला असा गेम का नसावा? उकडीचे मोदक. पारी फाटली तर परत मळा, पाकळ्या नीट पडेपर्यंत.

घाटवळण

मला एसटी हवी. लाल डबा, पहाटेची पहिली फेरी, घंटीची दोरी, प्रत्येक फाट्यावर ओळखीचा माणूस. ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’त आपली पोरं एसटीचा रंग लावून बस पळवतात, पण रस्ते जावाचे. आंबा घाट हवा हो, धुक्यातला.

केदार_मालवण

आणि वाटेत वडापावला दहा मिनिटं थांबा. कंडक्टर चहा संपवेपर्यंत गेम पुढे जाणार नाही.

स्वानंदी

मला आजोळ. मे महिना, फणस फोडणं, पापड वाळत घालून कावळे हाकलणं, दुपारी माजघरात पत्ते. काही जिंकायचं नाही. कुणी केलाच तर विहीर ठेवा, सासूबाईंची मागणी आहे.

टेकडीवाला

आपल्याकडे बनत नाहीत असं नाही. लुडो किंग नवी मुंबईतल्या कंपनीचा, २०१६ चा, लॉकडाउनमध्ये घराघरांत चालला. ‘राजी’ पुण्यातल्या मंडळींनी २०२० मध्ये आणला, तो लढाईचा आहे पण देखणा. कसब आहे. मोदकांवर पैसे लावणारा हवा.

सायली_क

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. अनपॅकिंग झालं. पदवीचं पुढे काय होतं ते कळल्यावर रेवतीला वेगळा निरोप धाडलाय.

एक नाव माझ्याकडून भर घालते, मैत्रिणीने सुचवलेलं: ‘अ शॉर्ट हाइक’, २०१९. क्लेअर नावाची पक्षीण मावशीकडे सुटीला आलीय, महत्त्वाचा फोन यायचाय आणि रेंज फक्त डोंगरमाथ्यावर. म्हणून चढायचं. वाटेत सोनेरी पिसं मिळतात, तेवढं जास्त वर चढता येतं. पण कुणी मासे पकडतंय, कुणी चित्र काढतंय, कुणाची वस्तू हरवलीय, त्यांच्याशी बोलत बोलत आपण डोंगर विसरतो आणि गेम त्याबद्दल काही म्हणत नाही. माथ्यावरून पंख पसरून खाली झेपावताना सगळं बेट दिसतं. दोन-तीन तासांचा गेम. मृ, तुमच्यासाठी खास: घड्याळ नाही.

मृ_पुणे

घड्याळ नाही हे वाचूनच घेतला. मुलगी शेजारी बसलीय, माथ्यावर जायचं सोडून आम्ही शिंपले गोळा करतोय.

आबा_५७

माझा लॅपटॉप जुना आहे. चालेल का हा? आणि माउसने खेळायचा की कीबोर्डने?

सायली_क

चालायला हरकत नाही आबा, गेम अगदी छोटा आहे. कीबोर्डवर खेळता येतो. बसवताना अडलात तर इथेच लिहा, रात्री नऊनंतर मी असते.